डाव्या दंडावरचा वण

माणसाच्या दंडाकडे पाहून त्याचे वय सांगता येते, असे मी म्हटले तर हसू नका. मी शाळेत चित्रकला शिकवते. मॅट्रिक झाले आणि तशीच चित्रकलेच्या अध्यापनवर्गाला गेले. कॉलेजची पायरी काही चढले नाही. पण माणसाच्या अंगाकडे बारकाईने पाहायला त्या वर्गाने शिकवले, आणि ते पुढे कादंबऱ्या लिहितानाही उपयोगी पडले. ज्यांच्या दंडावर मोठे, खडबडीत, मधे खोलगट असे वण दिसतात ती माणसे बहुधा पन्नाशीच्या पुढची. त्यांना लहानपणी देवी काढलेल्या असतात. १९७५ नंतर आपल्याकडे देवीचा रोगी उरला नाही, आणि ते वणही त्या पिढीबरोबर मागे पडत चालले. माझ्या वयाच्या आणि माझ्याहून लहान माणसांच्या डाव्या दंडावर मात्र वाटाण्याएवढा, चकचकीत असा एकच वण असतो. तो बीसीजीचा; क्षयाच्या लशीचा.

देवीच्या लशीबद्दल आता कोणी भांडत नाही. रोग गेला, भांडणही गेले. बीसीजीचे तसे नाही. या लशीला शंभराहून अधिक वर्षे झाली, ती कोट्यवधी मुलांना टोचून झाली, आणि तरीही 'ती कोणाला टोचावी?' या साध्या प्रश्नाला एका देशात एक उत्तर मिळते आणि दुसऱ्या देशात दुसरे. मला हा प्रश्न पुस्तकात भेटला नाही. तो आमच्या घरात, पाळण्याजवळ भेटला. तो कसा, हे सांगण्यापूर्वी या लशीचे कूळ थोडे सांगायला हवे.

फ्रान्सच्या उत्तरेला लील नावाचे शहर आहे. तेथे आल्बेर काल्मेत हा डॉक्टर आणि कामीय गेरँ हा पशुवैद्य, या दोघांनी १९०८ साली गाईच्या क्षयाचे जंतू बटाट्याच्या कापांवर वाढवायला घेतले. बटाटा बैलाच्या पित्तात आणि ग्लिसरिनमध्ये शिजवलेला. काही आठवड्यांनी ते जंतू जुन्या कापावरून उचलायचे आणि नव्या कापावर ठेवायचे. असे त्यांनी १३ वर्षे केले. सुमारे २३० वेळा. मधे पहिले महायुद्ध झाले, लील जर्मनांच्या ताब्यात गेले, तरी काप बदलणे थांबले नाही. अखेर तो जंतू इतका माणसाळला, की जनावराच्या अंगात घातला तरी त्याला क्षय होईना. १९२१ साली पॅरिसमध्ये एका तान्ह्या मुलाला ही लस पहिल्यांदा पाजली. त्या वेळी ती पाजतच असत. त्या मुलाची आई बाळंत झाल्यावर क्षयानेच वारली होती, आणि पुढे त्याला सांभाळणारी आजी, तीही क्षयाचीच रोगी. म्हणजे लस कोणाला द्यावी, याचे पहिले उत्तर अगदी स्वच्छ होते. ज्या तान्ह्या जिवाला खोकणाऱ्या मांडीवाचून दुसरी मांडी नाही, त्याला.

त्या काळी क्षयावर औषध नव्हते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉखने १८८२ साली जगाला दाखवला; पण जंतू दिसला म्हणून रोगी वाचला असे झाले नाही. अमेरिकेतून डॉक्टर होऊन परतलेल्या आपल्या आनंदीबाई जोशी १८८७ साली पुण्यात क्षयानेच गेल्या. पहिले खरे औषध, स्ट्रेप्टोमायसीन, सापडायला १९४३ साल उजाडावे लागले. मधल्या त्या लांब काळोखात माणसाच्या हाती काही असेल तर ही लस तेवढी होती.

आता आमच्या घरची गोष्ट. २०२२ सालच्या दिवाळीनंतर माझी धाकटी जाऊ माहेरी बाळंत झाली आणि सव्वा महिन्याने मुलाला घेऊन घरी आली. बाळाच्या डाव्या दंडावर पिकल्यासारखी पुळी होती. सासूबाई हळद आणायला उठल्या, तशी जाऊ म्हणाली, "राहू दे आत्याबाई, लस लागलीय. त्यावर काही लावायचं नाही म्हणून सांगितलंय." सासूबाईंना बरे वाटले. नातवाला लस लागली, म्हणजे एका मोठ्या रोगाची काळजी मिटली.

त्याच घरात माझे सासरे दोन महिने खोकत होते. आम्ही त्यांना मामंजी म्हणतो. एसटीत कंडक्टर होते; निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली. खोकल्याला घरात 'बिडीचा खोकला' असे नाव पडले होते. संध्याकाळी कणकण येई, तिला 'थंडीची' म्हणत. सदरा खांद्यावरून उतरू लागला, ते 'वयाचे' ठरले. आणलेल्या खोकल्याच्या तीन बाटल्या संपल्या होत्या. प्रत्येक खुणेला आम्ही एकेक घरगुती नाव देऊन ठेवले होते, आणि खरे नाव उंबऱ्याबाहेर उभे होते.

बाळ आल्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामंजी त्याला घ्यायला हात पसरून पुढे झाले, तेव्हा मी म्हणाले, "मामंजी, बाळाला घेण्याआधी एकदा बेडका तपासून घेऊ या का?"

घर एकदम गप्प झाले. मग सासूबाई म्हणाल्या, "अगं, पोराला लस दिलीय ना? मग आता कशाला भ्यायचं?" दिरांनी तेच म्हटले. शेजारच्या काकू आल्या होत्या, त्यांनीही तेच म्हटले. चार माणसे एकच वाक्य बोलली आणि त्या वाक्यापाशी मी अडले. बाळाच्या दंडावरची पुळी हे जणू मामंजींनी बेडका न तपासण्याचे परवानापत्र झाले होते! लहानग्याने ढाल धरली आहे ना, मग मोठ्यांनी बाण खुशाल सोडावेत, असा तो हिशेब होता.

हा हिशेब चुकीचा कसा, हे कळायला आपल्याच देशाचा इतिहास पुरेसा आहे. आपल्याकडे १९४८ साली मदनपल्ली येथे या लशीला लहान प्रमाणावर सुरुवात झाली आणि १९५१ पासून देशभर मोहीम निघाली. त्या वेळी सरसकट लस टोचीत नसत. आधी हातावर एक चाचणी टोचायची, तिसऱ्या दिवशी पाहायचे. हात सुजला तर क्षयाच्या जंतूची त्या अंगाशी ओळख झाली आहे असे समजायचे आणि लस द्यायची नाही. सुजला नाही, तर द्यायची. त्यामागचा विचार सरळ होता. चोराची ओळख ज्याला अजून पटलेली नाही त्याला ती पटवून द्यायची. ज्याच्या घरात चोर येऊन गेला त्याला सांगून काय उपयोग?

या मोहिमेला विरोध करणारेही साधे नव्हते. १९५५ साली राजाजींनी तिच्याविरुद्ध पुस्तिका लिहिली. निरोगी मुलांच्या अंगात जिवंत जंतू घालणे त्यांना मान्य नव्हते. ही शंका अगदीच हवेतली होती असे कोणी म्हणू नये. १९३० साली जर्मनीतील ल्युबेक येथे लस पाजलेल्या सुमारे अडीचशे बालकांपैकी सत्तरहून अधिक दगावली होती. दोष लशीचा नव्हता. प्रयोगशाळेत खऱ्या क्षयाचे जंतू तिच्यात मिसळले गेले होते. पण आईबापांच्या मनातून असली गोष्ट चौकशीच्या अहवालाने पुसली जात नाही.

लशीची खरी परीक्षा झाली ती पुढे, मद्रासजवळच्या चेंगलपट्टू जिल्ह्यात. ब्रिटनमध्ये १९५० पासून शाळा सोडणाऱ्या चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे ५४ हजार मुलामुलींवर पाहणी झाली होती आणि लशीने पाचांतले जवळजवळ चार क्षय टळतात असे दिसले होते. तोच गुण आपल्याकडे दिसतो का, हे पाहायला १९६८ साली चेंगलपट्टूत काम सुरू झाले. अडीच लाखांहून अधिक माणसांपैकी काहींना लस टोचली, काहींना नुसते निरुपद्रवी पाणी. मग वर्षानुवर्षे घरोघर जाऊन कोणाला क्षय होतो ते पाहिले. १९७९-८० च्या सुमारास निकाल बाहेर आला. मोठ्या माणसांच्या फुप्फुसाच्या क्षयापासून या लशीने तेथे काहीही संरक्षण दिले नव्हते.

तीच लस लंडनमध्ये ढाल आणि चेंगलपट्टूत कागद, असे का व्हावे? याची कारणे अभ्यासकांनी शोधली. आपल्या उष्ण प्रदेशात माती-पाण्यातले क्षयजंतूचे सौम्य भाऊबंद माणसाच्या अंगाशी लहानपणापासून ओळख करून बसलेले असतात. मग लशीला नवे शिकवण्यासारखे फारसे उरत नाही, हे एक. आणि खऱ्या क्षयजंतूशीही अनेकांची गाठ मोठे होण्याआधीच पडून गेलेली असते, हे दुसरे.

मग लस टाकून द्यायची का? नाही; आणि इथेच बाळ पुन्हा मधे येते. तान्ह्या मुलांना होणारा क्षय मोठ्यांसारखा नुसता फुप्फुसात बसून राहत नाही. तो मेंदूच्या आवरणात शिरतो, नाही तर रक्तातून राळ्याच्या दाण्यांसारखा अंगभर पसरतो. वर्षाच्या आतल्या मुलाचा त्यात जीव जातो, किंवा जन्माचे अपंगत्व येते. या दोन्हींपासून जन्मतः दिलेली बीसीजी लहान मुलांना चांगले संरक्षण देते, हे देशोदेशी दिसून आले आहे. म्हणून १९७८ पासून आपल्या लसीकरणाच्या कार्यक्रमात ती जन्मल्याबरोबर, आणि चुकली तर वर्षाच्या आत द्यायची, असे ठरले. पुढे वण उठला नाही तरी दुसऱ्यांदा टोचायची नाही. एचआयव्हीने ज्या मुलाची प्रतिकारशक्ती ढासळली आहे त्याला मात्र देऊ नये, कारण जंतू माणसाळला तरी जिवंत आहे. लस कोणाला द्यावी याचे आपल्या देशापुरते उत्तर हे असे आहे, आणि ते मला पटते.

पण या उत्तराची दुसरी बाजू आपण विसरतो. ही लस बाळाचा मेंदू वाचवते; आजोबांचा खोकला थांबवीत नाही. लहान मुलापासून क्षय दुसऱ्याला फारसा लागत नाही. तो पसरतो मोठ्यांच्या खोकल्यातून. उद्या देशातल्या एकूणएक बाळांना लस दिली तरी क्षयाची साखळी मोठ्यांमध्ये जशीच्या तशी चालू राहील. शिवाय ढाल ती ढालच. रोज एकाच मांडीवरून बाण सुटू लागले तर ती किती दिवस पुरावी?

हे सगळे मी त्या संध्याकाळी बोलू शकले नाही. मी एवढेच म्हणाले, "बाळाला लस दिलीय, पण मामंजींना कुठं दिलंय औषध?" रात्री कोणी फारसे जेवले नाही. सकाळी पाहते तो मामंजी धोतर नेसून, छत्री घेऊन अंगणात उभे. "चल," म्हणाले, "कुठं द्यायचा असतो तो बेडका?"

बेडक्यात जंतू सापडले. रस्त्याने परत येताना मामंजींनी मला एक गोष्ट सांगितली, जी घरात सासूबाईंनाही पुरती ठाऊक नव्हती. त्यांचे एक चुलते तरुणपणी मिरजेजवळ वानलेसवाडीला क्षयाच्या दवाखान्यात होते. गावात मात्र 'बदलीवर गेलाय' असेच सांगितले. ते परत आले नाहीत, आणि बदलीची गोष्ट तशीच राहिली. रोग झाला की आधी अपराध शोधायचा, ही आपली खोड जुनी आहे. पुराणात चंद्राला क्षय झाला तोही दक्षाच्या शापाने. सत्तावीस बायकांतल्या एकट्या रोहिणीवरच तो लुब्ध झाला म्हणून! आणि जुन्या कादंबऱ्यांत नायिकेला क्षय होई, तो तिची माया अधिक सुंदर दिसावी म्हणून. शाप आणि सौंदर्य या दोन्हींत बेडक्याच्या डबीला कोठेच जागा नव्हती.

सहा महिने गोळ्या चालल्या. औषध नीट घेतले की बहुतेकांच्या बेडक्यातले जंतू काही आठवड्यांत नाहीसे होतात. पण तेवढे आठवडे मामंजींनी आपणहून बाहेरच्या सोप्यात खिडकीशी बिछाना घातला. बाळाला तपासले, त्याला रोग नव्हता. तरी लस दिलेली असूनही त्याला सहा महिने आयसोनियाझिड हे प्रतिबंधक औषध द्यायला सांगितले. ते ऐकून सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे नुसती लस पुरत नाही तर!" मी काही बोलले नाही. मामंजी अंगणात उभे राहून आपला जुना तिकिटांचा पंच वाजवीत. टिक्, टिक्. तिसऱ्या महिन्यात बाळ त्या आवाजाकडे मान वळवू लागले. आजोबा आणि नातू यांची पहिली ओळख अशी दहा पावलांवरून झाली.

याच सुमारास इंग्लंडला गेलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. त्याला मुलगी झाली होती. त्या देशाने शाळेतल्या सगळ्या मुलांना बीसीजी टोचणे २००५ साली बंद केले. स्वीडनने तर सरसकट नवजात बालकांना देणे १९७५ सालीच थांबवले. रोग कमी झाला तेव्हा सगळ्यांना टोचण्यात अर्थ नाही, ज्यांना धोका आहे त्यांनाच टोचावी, असा तो विचार. मग धोका कोणाला हे कसे ठरवायचे? तेथे विचारतात, बाळाचे आईबाप किंवा आजी-आजोबा कोठे जन्मले? क्षय फार असलेल्या देशात जन्मले असतील, तर बाळाला लस द्यायची. विद्यार्थ्याला ते थोडे लागले होते. "बाई, आमच्या आबांचा जन्म सांगली जिल्ह्यातला, म्हणून माझ्या मुलीला टोचणार!" तो हसत म्हणाला, पण हसू पुरते नव्हते. मला मात्र तो प्रश्न शहाणपणाचा वाटला. सात समुद्रांपलीकडच्या त्या दवाखान्याने बाळाकडे पाहताना आजोबांची चौकशी केली. आमच्या घरात आजोबा चार हातांवर खोकत होते, आणि चौकशी फक्त बाळाच्या दंडाची चालली होती.

२०२४ साली या प्रश्नाला आणखी एक वळण मिळाले. महाराष्ट्रासह अनेक राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत मोठ्या माणसांनाही बीसीजी देण्यास सुरुवात झाली. साठीच्या पुढचे, गेल्या काही वर्षांत क्षय होऊन गेलेले, क्षयरोग्याच्या घरातले, मधुमेही, धूम्रपान करणारे आणि फार कृश अंगाचे, अशांना. तेही त्यांच्या संमतीने. आमच्या दारी परिचारिका आली तेव्हा मामंजी यादीत तीन कारणांनी बसत होते. "माझी तीन तिकिटं फाडा," म्हणाले. सासूबाईंनी मात्र कधी नव्हे तो नेमका प्रश्न विचारला, "ही तर पोरांची लस. मला म्हातारीला उपयोग होईल का?" त्या मुलीने थाप मारली नाही. ती म्हणाली, "आजी, तेच तर बघायचंय. काही जिल्ह्यांत द्यायची, काहींत नाही, आणि पुढची काही वर्षं मोजायचं." सासूबाई क्षणभर थांबल्या आणि पदर सावरून त्यांनी दंड पुढे केला. "मग घ्या बघून," म्हणाल्या.

चेंगलपट्टूचा निकाल माहीत असूनही मला त्या दिवशी बरे वाटले. लशीने सासूबाईंचे काय होईल, ते पुढे मोजणारे मोजतील. पण ज्या बाईने दोन वर्षांपूर्वी 'लस दिलीय ना?' म्हणून विचारच थांबवला होता, तिने आता लस घेण्यापूर्वी प्रश्न विचारला होता, आणि उत्तर अर्धवट आहे हे कळूनही आपणहून हात दिला होता.

लशीवाचूनही पुष्कळ काही करता येते, हेही सांगायला हवे. झारखंडमध्ये क्षयरोग्यांच्या दहा हजारांहून अधिक घरच्या माणसांचा अभ्यास झाला. त्याचा निकाल २०२३ साली प्रसिद्ध झाला. काही कुटुंबांत फक्त रोग्याला धान्य दिले, काहींत घरातल्या सगळ्यांना तांदूळ, डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या दिल्या. ज्या घरांत सगळे पोटभर जेवले तेथे नवा क्षय सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाला. डाळ-भाताने एवढे केले! हे वाचल्यापासून मधल्या सुटीत मुलांच्या डब्यांकडे मी निराळ्या नजरेने पाहते.

लस कोणाला द्यावी, या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर देण्याचा अधिकार माझा नाही. माझे म्हणणे प्रश्नापुरतेच आहे. बाळाला लस अवश्य द्यावी, आणि लवकर द्यावी. पण ती देताना त्या घरातल्या मोठ्यांकडेही एकदा पाहावे. दोन आठवड्यांहून जास्त खोकला कोणाला आहे? संध्याकाळी अंग कोणाचे तापते? कोणाचे कपडे सैल होत चालले आहेत? आपल्याकडे बाळ पाहायला जाताना बाळंतविडा नेण्याची रीत आहे. झबले-टोपडे, डिंकाचे लाडू, काजळाची डबी. नेणाऱ्या बायकांनी घरात शिरल्यावर हळूच एवढी विचारपूसही करावी. ती करायला डॉक्टर असावे लागत नाही. चार माणसे गप्प झाली तरी आपण गप्प होऊ नये, एवढेच लागते.